जिन्याच्या वळणाचा आंतरराष्ट्रीय कायदा

मेंढ्यांची वाहतूक करताना प्रत्येक मेंढीला बसता येईल एवढी जागा ठेवणं बंधनकारक आहे. जागा असूनही मेंढी बसली नाही, तर त्याची जबाबदारी वाहतूकदारावर राहणार नाही.

*

खुर्ची लाकडी, हात असलेली. एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी.

*

“अहो, आधी जेवून घ्या. तो देश काही कुठे पळून जात नाही.”

*

ज्या ज्या चौकोनात जिना दिसतो, ते सगळे चौकोन निवडा.

*

जहाजावरच्या स्वयंपाक्याला, समुद्र शांत असेल तर, स्टूल मिळण्याचा हक्क आहे.

*

वॉशिंग मशीन समोरून कपडे घालायचं होतं, वरून नव्हे. हा मुद्दा आईने नीट विचारून घेतला तेव्हा मशीन दोन माणसांच्या खांद्यांवर होतं.

*

आपला करदाता क्रमांक टाका. आपला करदाता क्रमांक चुकीचा आहे. आपण आमचे नागरिक नसल्यास कृपया नागरिकत्व विभागाशी संपर्क साधा.

*

वर लिहिलेल्या गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही असं वाटेल. मलाही एरवी तसंच वाटलं असतं. पण मध्यंतरी काही दिवस त्या सगळ्या माझ्या डोक्यात एकदमच नांदत होत्या, आणि त्यांच्यामुळे मी वर्गात वाऱ्यांची दिशा शिकवता शिकवता मेंढ्यांवर घसरलो होतो. तेव्हा सुरुवातीपासून सांगतो. म्हणजे वॉशिंग मशीनपासून.

आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्यावर राहतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे जिना वळतो, तिथे एक मोठी खिडकी आहे, आणि त्या खिडकीपाशी आईची खुर्ची असते. मी शाळेत जातो, बायको टेलिफोनच्या कचेरीत जाते, घराला कुलूप लागायचं तेवढं बाकी असतं. आई खुर्चीवर जाऊन बसते. तिथून तिला रस्ता दिसतो, पण तो नाममात्र. तिला बघायचा असतो जिना. कोण वर गेलं, कोण खाली आलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, कोण आज चप्पल बदलून आलंय. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबतो, कारण न थांबता जायला जागाच नसते.

तर तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांचं वॉशिंग मशीन आलं. हे गृहस्थ वकील नाहीत. त्यांनी एकदा बिघडलेला मिक्सर पावतीशिवाय दुकानदाराला परत घ्यायला लावला, तेव्हापासून सगळे त्यांना वकील म्हणतात आणि तेही ‘ओ’ देतात. मशीन घेऊन दोन हमाल वळणावर आले. आईने त्यांना थांबवून कुणाचं, केवढ्याचं, कुठल्या दुकानातलं, कपडे वरून घालायचे की समोरून, आणि जुन्या मशीनचं काय केलं, एवढंच विचारलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हमालांना माहीत नव्हतं. ते आठवण्याच्या प्रयत्नात मशीन भिंतीला लागलं आणि त्याचा एक कोपरा चेपला.

वकिलांनी तक्रार केली. सेक्रेटरींनी सभा लावली.

सेक्रेटरी वाईट असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. पण आमचे सेक्रेटरी अतिशय सरळ माणूस. जिना मोकळा ठेवायचा म्हणाले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं चपलांचं कपाट उचललं, मग बायकोच्या कुंड्या उचलल्या, आणि त्या रात्री त्यांच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही असं आईला समजलं. ज्याच्यावर चिडायची सोय नाही असा माणूस नियम करायला लागला की फार पंचाईत होते.

सभा गच्चीवर भरली. सेक्रेटरी म्हणाले, “सर, सगळ्यांनी आपापल्या वस्तू काढल्या. एक तुमची खुर्ची तेवढी राहिली.”

“ती वस्तू नाही, तिच्यावर आई असते,” मी म्हणालो.

“मावशींबद्दल मला आदरच आहे. पण उद्या आग लागली, माणसं पळायला लागली, तर?”

“तर आई सगळ्यात आधी सांगेल कुठे लागली ते.”

लोक हसले. मला वाटलं जिंकलो. आणि माणसाला जिंकलो असं वाटलं की तो एक वाक्य जास्तीचं बोलतो. मी बोललो: “परदेशात असं चालत नाही. तिथे म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा देण्याचा कायदा आहे.”

आता हे वाक्य आपण सगळेच बोलतो. थुंकण्याबद्दल बोलतो, भोंग्यांबद्दल बोलतो, कुत्र्यांबद्दल तर बोलतोच. परदेशात त्यासाठी कायदा आहे! समोरच्याने मान हलवून ‘आहेच मुळी’ म्हणायचं असतं. ‘कोणता?’ असं सभ्य माणसं विचारत नाहीत.

“कोणत्या देशात?” सेक्रेटरींनी विचारलं. खवचटपणा अजिबात नव्हता. त्यांना खरंच माहिती हवी होती.

“बऱ्याच.”

“एक सांगा ना.”

“अं... मजकुरासकट आणतो. पुढच्या सभेत.”

“उत्तम. तोपर्यंत खुर्ची राहू दे. कायदा मिळाला तर आपणही तसंच करू, नाही मिळाला तर खुर्ची आत.” त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतलं: सर परदेशी कायदा आणणार.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “तुम्हाला माहीत होता असा कायदा?”

“असणारच.”

“असणारच म्हणजे?”

“जगात दोनशेच्या आसपास देश आहेत. मी भूगोल शिकवतो. त्यातल्या एकाला तरी म्हाताऱ्या माणसांची दया आली असेल की नाही?”

“आणि नसली आली तर? आई दिवसभर आत बसून काय करणार? भिंतीशी बोलणार?”

आई आतून म्हणाली, “माझी काळजी करू नका. मी आत बसेन. मला काय, चार दिवस राहिलेत. कोण आलं कोण गेलं, कळून तरी काय करायचंय.” हे वाक्य ती अशा आवाजात बोलली की मी जेवायच्या आधीच संगणक सुरू केला.

*

जिना म्हातारी माणसं बसणे हक्क परदेश कायदा

एवढं मी टाइप केलं. उत्तरादाखल जगाने मला गुडघेदुखीवरची तेलं दाखवली. मग जिन्यावर बसवायची विजेची खुर्ची, मग पुन्हा तेलं. त्या दिवसापासून मी काहीही उघडलं, अगदी शाळेच्या निकालाचं पान उघडलं तरी, बाजूला एक म्हातारे गृहस्थ गुडघा धरून माझ्याकडे बघत असतात.

आंतरराष्ट्रीय कायदा खुर्ची

समुद्रतळाच्या मालकीबद्दल एक करार. चंद्रावर कुणी हक्क सांगू नये याबद्दल एक करार. एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या खुर्चीवर कुणी बसावं याबद्दल पन्नास पानं. चंद्राची सोय झाली होती, जिन्याच्या वळणाची नव्हती.

वकील मदतीला आले. तक्रार त्यांची आणि सल्लाही त्यांचाच, यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. “सर, ते वेगळं आणि हे वेगळं. तिकडे मी वादी आहे, इकडे शेजारी.” चहा घेत त्यांनी माझा शोध तपासला. “तुम्ही फार खालून सुरुवात करताय. एकदम वर जायचं. आंतरराष्ट्रीय न्यायालय.”

“तिथे देश एकमेकांवर खटले भरतात हो.”

“मग आपण कुणाच्या तरी देशामार्फत भरू.”

बायको म्हणाली, “भाऊजी, मिक्सरसाठी कुठल्या न्यायालयात गेला होतात?”

“मिक्सरला नाही गेलो. दुकानाच्या दारात दिवसभर उभा राहिलो.”

“मग यांनाही तेच सांगा ना.”

*

खरा देश गाठायचा म्हणून मी एका प्रगत देशाच्या राजपत्राच्या संकेतस्थळावर गेलो. त्यांनी मला आधी विचारलं की तुम्ही यंत्र आहात की माणूस. पुरावा म्हणून एक चित्र दाखवलं, त्याचे चौकोन पाडले आणि म्हणाले, जिना असलेले चौकोन निवडा.

मी हसलोच. एवढ्या जगात मला जिनाच यावा!

पायऱ्या असलेले चौकोन मी निवडले. एक चौकोन मात्र असा होता की त्यात पायऱ्या नव्हत्या, जिन्याचं वळण होतं. सपाट जागा, मागे भिंत. मी तो सोडला. सोडलाच पाहिजे, कारण माझी सगळी बाजूच त्यावर उभी होती: वळण म्हणजे जिना नव्हे, जिथे पायरी नाही तिथे जिना नाही.

पुन्हा प्रयत्न करा, असं आलं.

दुसरं चित्र. पुन्हा वळण. मी पुन्हा सोडलं. पुन्हा प्रयत्न करा.

“अहो, तो मधला चौकोन पण दाबा,” बायको मागून म्हणाली.

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व त्यांना दिसत नाहीये. त्यांना तुम्ही यंत्र वाटताय.”

मी तत्त्वाला चिकटून राहिलो, तेव्हा त्या देशाने मला दिवसभरासाठी बाहेर काढलं. एका यंत्राने मला यंत्र ठरवलं आणि वर सेक्रेटरींची बाजू घेतली. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने वळणाचा चौकोन दाबला, खिडकी उघडली, आणि त्यांनी करदाता क्रमांक मागितला. पुढचं वर आलंच आहे.

*

इथे मी एक परिच्छेद लिहिला होता, कायदा म्हणजे काय याबद्दल. बायकोने वाचला आणि म्हणाली, यात आई कुठे आहे? परिच्छेद काढला.

*

मग मला एका परदेशी विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयाचं पान सापडलं. त्यावर लिहिलं होतं: ग्रंथपालांना विचारा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी आपणहून विचारा म्हणत होतं. मी जिन्याची सगळी हकीकत लिहिली, वॉशिंग मशीन वगळून. आपल्याला प्रतिकूल गोष्टी आपण होऊन सांगायच्या नसतात, असं वकिलांनी बजावलं होतं.

सकाळी उत्तर आलं. ग्रंथपालबाईंनी विचारलं होतं, आपल्याला कोणत्या देशाचा कायदा हवा आहे?

मी लिहिलं, कोणत्याही. फक्त अनुकूल असावा.

त्या बाईंचा संयम थोर. त्यांनी लिहिलं की संशोधन सहसा असं करत नाहीत. आधी प्रश्न ठरवतात, मग देश, मग कायदा, आणि अनुकूल की प्रतिकूल ते सगळ्यात शेवटी कळतं. पण हौशी वाचकांसाठी त्यांनी काही पत्ते दिले. जगभरचे कायदे फुकट वाचायला मिळणारी भांडारं असतात, देशांच्या राजपत्रांची यादी असते, राज्यघटना एका ठिकाणी ठेवलेल्या असतात, करारांचा वेगळा संग्रह असतो, आणि ग्रंथालयांनी केलेल्या मार्गदर्शिका असतात, ज्यांत कुठल्या देशाचं काय कुठे सापडेल ते सांगितलेलं असतं. शेवटी त्यांनी बजावलं होतं: मजकूर मूळ आहे का ते पाहा, भाषांतर कुणी केलंय ते पाहा, आणि आज तो लागू आहे का ते पाहा.

हे मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी ऐकलं नाही, पण माझी मान ताठ झाली. परदेशी विद्यापीठाशी पत्रव्यवहार असलेला मी शाळेतला एकटाच.

आता शोधाला दिशा आली. दिशा आली आणि संकट आलं. कारण भांडारं खरोखरच मोठी होती, आणि त्यांत जिन्याबद्दल पुष्कळ होतं. सगळं माझ्याविरुद्ध. थंड देश, उष्ण देश, बेटं, राजेशाही, लोकशाही, एकमेकांशी युद्धात असलेले दोन शेजारी. त्यांचं जगात दुसऱ्या कशावर एकमत नसेल, पण जिना मोकळा ठेवावा यावर आहे. एका देशात तर जिन्यात वस्तू ठेवणाऱ्याला शिक्षा होती, आणि त्या वस्तूंच्या यादीत ‘आसनं’ असा शब्द होता. तो देश मी घाईने बंद केला, कुणी बघत नाही ना याची खात्री करून.

बसण्याचा हक्क नव्हता असं नाही. होता. मेंढ्यांना होता, जहाजावरच्या स्वयंपाक्यांना होता, दुकानात काम करणाऱ्या बायकांना होता. म्हाताऱ्या माणसांनी आपल्याच जिन्यावर बसून शेजाऱ्यांच्या पिशव्या बघाव्यात, याचा विचार मात्र कुठल्याही संसदेने केलेला नव्हता.

रविवारवर सभा आली. आईने काही विचारलं नाही. फक्त शुक्रवारी मी शाळेतून आलो तेव्हा ती घरातल्या खिडकीपाशी स्टुलावर बसली होती.

“इथे का बसलीस?”

“सवय करतेय.”

“काय दिसतं इथून?”

“शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी,” आई म्हणाली. “बरी आहे. गळत नाही.”

मी शर्टही न बदलता बसलो.

आणि सापडलं!

ते जिन्याच्या कायद्यात नव्हतंच, म्हणून इतके दिवस हुकत होतं. ते नाट्यगृहांच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या कायद्यात होतं. सुरुवातीला नेहमीचंच: वाटा, जिने आणि जिन्यांची वळणं मोकळी ठेवावीत. मी नेहमीसारखा निराश होऊन बंद करणार होतो, पण पाचवीच्या मुलांना मी सांगतो तसं धडा संपेपर्यंत वाचलं. शेवटी अपवाद होते. त्यात लिहिलं होतं: भिंतीला पक्कं बसवलेलं, आणि बसणारा उठताच आपोआप मिटून भिंतीला टेकणारं आसन, हे अडथळा समजलं जाणार नाही, वृद्ध आणि अशक्त व्यक्तींच्या सोयीसाठी असं आसन वळणावर बसवता येईल.

वृद्ध. आसन. वळणावर. मी बायकोला हाक मारली. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं की लग्नानंतर असं पाहिल्याचं मला आठवत नाही.

ग्रंथपालबाईंची सूचना मी विसरलो नव्हतो. मजकूर मूळ आहे का? होता, शिक्क्यासकट छापलेल्या पानाचं चित्रच होतं. भाषांतर कुणी केलं? यंत्राने, म्हणून मी ते उलट फिरवून मूळ भाषेत नेलं, पुन्हा परत आणलं, तिन्ही वेळा आसन आसनच राहिलं. लागू आहे का? रद्द झाल्याची कुठे नोंद आहे का ते मी कसून शोधलं. नव्हती. एकाही कायद्याने तो रद्द केलेला नव्हता, दुरुस्तही केलेला नव्हता. अनेक वर्षांत त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. एवढा स्थिर कायदा दुसरा मिळाला नसता.

आणि देशही काही ऐरागैरा नव्हता. आमच्या स्टाफरूमच्या नकाशात तो गुलाबी रंगात आहे, चांगला पंजाएवढा. रोज त्याच्याच खाली बसून मी डबा खातो.

*

रविवारी सभेला आईही आली. आपल्या खुर्चीचा प्रश्न आहे तर आपण हजर पाहिजे, म्हणाली. वकिलांनी तिला हात धरून गच्चीवर आणलं, म्हणजे वादीनेच.

मी छापलेली पानं वाटली. उभा राहिलो. घसा साफ केला. देशाचं नाव सांगितलं (ते इथे लिहीत नाही, माझे विद्यार्थी हे वाचण्याची शक्यता आहे) आणि कलम वाचलं. सावकाश वाचलं. ‘वृद्ध’ या शब्दावर थांबून सगळ्यांकडे पाहिलं. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पान पुन्हा वाचलं.

“सर,” ते म्हणाले, “मला वाटलं नव्हतं तुम्ही आणाल.”

त्यांच्या आवाजात खरा आदर होता. त्या क्षणी मला सत्कार, शाल, सगळं दिसायला लागलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली,

“अरे, पण तो देश मोडला ना?”

“कोण मोडला?” मी विचारलं.

“हाच, तू आता नाव घेतलंस तो. त्याचे तुकडे नाही का झाले? रेडिओवर सांगितलं होतं. तू दहावीला होतास.”

“आई, काहीतरी बोलू नकोस.”

“काहीतरी काय? मी तुला हाकसुद्धा मारली, अरे इकडे ये, देश मोडला बघ. तर तू आतून ओरडलास, मला भूगोलाचा अभ्यास करू दे.”

वकिलांनी फोन काढला. सेक्रेटरींनी फोन काढला. सगळ्या गच्चीने फोन काढले. मी काढला नाही. मला एकाएकी आमच्या स्टाफरूमचा नकाशा डोळ्यांपुढे दिसायला लागला होता, आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं साल, जे मी इतकी वर्षं डबा खाताना बघत होतो आणि बघत नव्हतो.

“सर,” वकील हळूच म्हणाले, “खरंय. देश नाही आहे.”

कायदा रद्द झालेला नव्हता, हे मी छातीठोकपणे अजूनही सांगेन. तो रद्द करायला कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

मी भूगोलाचा शिक्षक आहे. मी नद्या, वारे आणि पर्जन्यमान शिकवतो. देश, राजधान्या वगैरे दुसऱ्या तुकडीच्या बाईंकडे आहे. हे मी त्या सभेत सांगितलं. ते सांगितल्याने परिस्थिती सुधारली नाही. मागे बसलेल्या कुणीतरी विचारलं, “सर, नद्या तरी आहेत ना अजून?” आणि मग गच्चीवर जे हसणं झालं त्यात माझी बायको होती. पदर तोंडाशी होता, पण खांदे हलत होते.

मी खाली बसलो. “खुर्ची आजच आत घेतो,” म्हणालो.

आईच्या आता लक्षात आलं की आपण काय केलं. “मी उगाच बोलले का रे?” असं तिने इतक्या हळू विचारलं की गच्चीवरच्या प्रत्येकाला ऐकू गेलं. हसणं थांबलं.

सेक्रेटरी मात्र अजून पानच वाचत होते. “एक मिनिट,” ते म्हणाले. “देश गेला, ते वाईट झालं. पण कलम चांगलं आहे.”

“म्हणजे?” वकिलांनी विचारलं.

“म्हणजे उठलं की मिटणारं आसन. नाट्यगृहात असतं तसं. कुणी बसलेलं नसेल तेव्हा जिना मोकळाच. माझं म्हणणं तेवढंच आहे हो, मला खुर्चीशी वैर नाही.”

“आणि मावशी बसलेल्या असतील तेव्हा सामान आलं तर?”

“तेव्हा मावशी उठतील.” ते आईकडे वळले. “उठाल ना?”

आईने विचार केला. “सामान कुणाचं आहे ते सांगितलं तर उठेन,” ती म्हणाली.

वकिलांनी यावर हरकत घेतली, कारण हरकत घेतल्याशिवाय त्यांना सभा झाल्यासारखं वाटत नाही. ज्या देशाचं अस्तित्व नाही त्याचा कायदा आपण कसा स्वीकारणार, उद्या कुणी विचारलं तर काय दाखवणार? त्यावर सेक्रेटरींनी विचारलं, कोण विचारणार आहे? वकिलांना कुणी सुचेना. मग त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं, मात्र ‘सामान कुणाचं’ एवढंच विचारता येईल, केवढ्याचं ते नाही, अशी दुरुस्ती घालून. आईने ती मान्य केली. पाळत नाही.

*

शहरातलं एक जुनं नाट्यगृह नूतनीकरणासाठी बंद ठेवलं होतं. तिथून एक आसन मिळालं, लाल गादीचं, पाठीवर क्रमांक असलेलं. सुताराने ते वळणावरच्या भिंतीत घट्ट बसवलं. पहिल्या दिवशी आई उठली तेव्हा ते मागून फटकन मिटलं आणि ती दचकून म्हणाली, “कोण आहे?” आता सरावली. इमारतीतल्या लोकांना खुर्चीवर आईच्या धाकाने बसता येत नसे. आसन सार्वजनिक असल्यामुळे सगळेच बसतात. मिटताना ते मोठा आवाज करतं. रविवारी आई घरात असते तेव्हा तो ऐकून ती सांगते: ही वकिलांची बायको, बाजार करून आली, पिशवी जड होती. ते तिला कसं कळतं हे विचारायच्या भानगडीत आम्ही पडत नाही.

शाळेच्या नकाशाबद्दल मी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. त्यांनी शेरा मारला: नकाशा सुस्थितीत आहे, बदलण्याची गरज दिसत नाही.

ग्रंथपालबाईंना मी सगळं प्रामाणिकपणे कळवलं, या वेळी वॉशिंग मशीनसकट. त्यांनी फार आनंदाने उत्तर दिलं आणि अभिनंदनही केलं. पुढे काही दिवसांनी सहज त्यांच्या संकेतस्थळावर गेलो, तर नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत एक ओळ वाढली होती: कायदा लागू आहे का हे तपासताना देश आहे का हेही तपासावे, एका वाचकाकडून हे राहून गेले. सौजन्य म्हणून त्यांनी माझं नाव दिलेलं नाही. व्यवसाय दिला आहे.

आधी वाईट वाटलं. मग बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “तुमच्यामुळे ज्ञानात भर पडली, हे काय कमी आहे?” आणि चहा आणते म्हणून आत गेली, खांदे हलवत. पण तिचं खरं होतं. त्या देशाची नाणी संग्रहात गेली, सैनिक घरी गेले, नाव माझ्या स्टाफरूमपुरतं राहिलं. त्याचं एक कलम मात्र आजही लागू आहे, आणि त्याचं काटेकोर पालन होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधे.

एक सांगायचं राहिलं: पहिली सभा गच्चीवर होती, आणि वर येताना सेक्रेटरी दम लागला म्हणून, आई घरात आहे असं बघून, तिच्या खुर्चीवर जरा टेकले होते.